पगार नाही, मग परवाना कशाला? परदेशात स्वयंसेवा करायला निघणाऱ्यांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरीतून सहा महिन्यांची रजा मिळाली आहे. पहिले तीन महिने थायलंडमधल्या एका ग्रामीण शाळेत इंग्रजी शिकवायचं. नंतर न्यूझीलंडमध्ये एका सेंद्रिय शेतावर रोज चार-पाच तास काम करायचं, त्याबदल्यात तिथेच राहायचं-जेवायचं. पगार कुठेच नाही. दोन्ही यजमानांचं म्हणणं एकच, 'टुरिस्ट व्हिसावर या, सगळे तसेच येतात.' तर वर्क परमिट लागतं का, आणि विमानतळावर विचारलं तर काय सांगायचं?

उत्तर आधी देते. दोन्हीकडे नुसता टुरिस्ट व्हिसा चालणार नाही. पण दोन्हीकडची कारणं अगदी वेगळी आहेत, आणि ती समजली तर पुढे कुठल्याही देशाबद्दल तुम्ही स्वतःच अंदाज बांधू शकाल. मी बरीच वर्षं परदेशी जाणाऱ्या स्वयंसेवकांची कागदपत्रं तपासते, यजमान संस्थांशी पत्रव्यवहार करते. 'पैसे घेणार नाही म्हणजे ते काम नाही' या समजुतीवर विसंबून निघालेली माणसं मला सतत भेटतात. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण कायदा हेतूबद्दल विचारत नाही. तो विचारतो, तुम्ही तिथे नेमकं काय करणार आणि त्याबदल्यात काय मिळणार.

देशोदेशीचे कायदे बघितले की कामाची व्याख्या ठरवताना तीन गोष्टींकडे लक्ष दिलेलं दिसतं. रोख पैसे मिळतात का. पैसे नसले तरी पैशात मोजता येईल असं काही मिळतं का: खोली, जेवण, प्रवास. आणि तिसरी, जी बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही: हेच काम करणाऱ्या स्थानिक माणसाला एरवी पगार मिळाला असता का. कुठला देश यातल्या कुठल्या प्रश्नावर भर देतो, त्यावर तुमचं उत्तर अवलंबून असतं.

न्यूझीलंड दुसऱ्या प्रश्नावर भर देतो. तिथल्या २००९ च्या इमिग्रेशन कायद्यात लाभासाठी किंवा मोबदल्यासाठी केलेली कोणतीही कृती म्हणजे काम, अशी व्याख्या आहे. पैशात मूल्य काढता येईल असा फायदा, उदाहरणार्थ राहण्या-जेवणाची सोय, कपडे, प्रवास, हाही मोबदलाच, असं तिथल्या नियमांत लिहिलेलं आहे. तुमच्या शेतावरची व्यवस्था नेमकी यात बसते. यजमान याला सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणत असतील आणि ते मनापासून म्हणत असतील, पण सकाळी पाच तास तण काढून संध्याकाळी फुकट खोली मिळाली की कायद्याच्या दृष्टीने ते काम झालं, आणि त्यासाठी काम करण्याची मुभा देणारा व्हिसा हवा. ज्या देशांशी न्यूझीलंडचा वर्किंग हॉलिडे (तरुणांना फिरता फिरता कामही करू देणारा) करार आहे, तिथले तरुण त्या व्हिसावर हे बिनदिक्कत करतात. 'सगळे तसेच येतात' असं यजमानाला वाटण्याचं हे एक मोठं कारण आहे. त्याच्याकडे येणाऱ्या बऱ्याच पाहुण्यांकडे खरोखर काम करण्याची परवानगी असते. ती तुमच्याकडेही आहे, असं तो गृहीत धरतो.

तुमच्याकडे तो व्हिसा नसेल, तर तिथे स्वयंसेवेचा मार्ग पूर्ण बंद होतो असं नाही. स्वतःच्या खर्चाने राहून, कुठलाही मोबदला न घेता एखाद्या संस्थेबरोबर झाडं लावली, तर ती व्याख्या लागू होत नाही. म्हणजे खर्च वाढेल, पण स्वयंसेवा करता येईल. शेतावर फुकट राहण्याची योजना मात्र सोडून द्या.

वस्तुरूप मोबदल्याचा हा मुद्दा फक्त न्यूझीलंडपुरता नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९८५ मध्ये टोनी अँड सुझन अलामो फाउंडेशन या धार्मिक संस्थेचं प्रकरण आलं होतं. संस्थेचे पेट्रोल पंप, कपड्यांची दुकानं असे व्यवसाय होते आणि तिथे राबणारे लोक 'आम्ही स्वयंसेवक आहोत, आम्हाला पगार नकोच' असं स्वतः सांगत होते. त्यांना जेवण, कपडे, निवारा मिळत होता. न्यायालयाने निकाल दिला, की या सोयी म्हणजे वेगळ्या रूपातला पगारच आहे आणि हे लोक कामगार कायद्याच्या कक्षेत येतात. तो खटला व्हिसाचा नव्हता, किमान वेतनाचा होता. पण स्वतःला स्वयंसेवक म्हणवून घेतल्याने कामाचं स्वरूप बदलत नाही, हे त्यातून जितकं स्वच्छ कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही, म्हणून मी तो नेहमी सांगते.

आता थायलंड. इथे मोबदला घेतला नाही तरी सुटका नाही. २००८ च्या तिथल्या कायद्यात शारीरिक श्रम किंवा ज्ञान वापरून केलेलं काम, मग ते वेतनासाठी असो वा नसो, अशी व्याख्या होती. २०१७ मध्ये परदेशी कामगारांविषयी नवा अध्यादेश आला, २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, व्याख्येचे शब्द बदलले. पण विनावेतन स्वयंसेवकालाही वर्क परमिट लागतं, हा व्यवहार कायम राहिला. २०१८ च्या दुरुस्तीने परवान्याविना काम करणाऱ्या परदेशी माणसाची तुरुंगवासाची शिक्षा काढून टाकली, तरी ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि देशाबाहेर पाठवणी आहेच. त्यानंतर दोन वर्षं वर्क परमिटही मिळत नाही. कामावर ठेवणाऱ्याला प्रत्येक परदेशी माणसामागे १०,००० ते १,००,००० बाट दंड होऊ शकतो.

हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा, कारण तुम्ही ज्या शाळेला मदत करायला निघाला आहात, तो दंड तिच्यावर पडणार आहे. तुम्ही विमानात बसून घरी याल. मुख्याध्यापकांना तिथेच राहायचं आहे. कागदपत्रांचा आग्रह धरणारा स्वयंसेवक यजमानाला किचकट वाटतो खरा, पण त्या शाळेचं भलं व्हावं अशी इच्छा असेल तर हा आग्रह धरायलाच हवा.

थायलंडच्या बाबतीत दोन कागद वेगळे आहेत हे नीट समजून घ्या, कारण इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. व्हिसा तुम्हाला देशात प्रवेश देतो. काम करण्याची परवानगी वर्क परमिट देतं, आणि ते श्रम मंत्रालयाच्या रोजगार विभागाकडून मिळतं. तुम्ही सेवाभावी संस्थेमार्फत जात असाल तर साधारणपणे नॉन-इमिग्रंट 'ओ' प्रकारचा व्हिसा आधी घ्यावा लागतो, त्यावर सुरुवातीला ९० दिवस राहता येतं, आणि परमिटसाठी संस्थेने अर्ज करायचा असतो. हा अर्ज तुम्ही पोहोचण्याआधीही करता येतो. चांगली संस्था तसंच करते. मुदत संपत आली की सीमेबाहेर जाऊन नवा शिक्का घेऊन परत येण्याचा जो प्रकार लोक सुचवतात, त्याने राहण्याचे दिवस वाढतात, काम करण्याचा हक्क मिळत नाही. शिवाय शाळेत शिक्षक म्हणूनच उभं राहायचं असेल, तर तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा त्यातून सवलत हा आणखी वेगळा विषय आहे. नियमित शिक्षकाच्या हाताखाली संभाषणाचा सराव घेणार आहात की स्वतः वर्ग चालवणार आहात, हे शाळेला स्पष्ट विचारा.

दोन-दोन कार्यालयांचा हा प्रकार इतरत्रही आहे. टांझानियात २०१५ च्या कायद्यानुसार धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी वर्क परमिटचा 'डी' हा स्वतंत्र वर्ग आहे, आणि ते मिळालं तरी इमिग्रेशन विभागाचं रहिवासी परमिट वेगळं काढावं लागतं. एक कागद हातात आला म्हणून निश्चिंत झालेले लोक मी पाहिले आहेत. दुसऱ्याची चौकशी तेव्हाच करा.

तिसऱ्या प्रश्नाची, म्हणजे स्थानिकाच्या रोजगाराची, सर्वांत चांगली उदाहरणं कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया. कॅनडाच्या नियमांत वेतन किंवा कमिशन मिळणारी कृती म्हणजे काम, हे तर आहेच. पण त्यापुढे असंही आहे, की कॅनडाच्या नागरिकांच्या आणि कायम रहिवाशांच्या रोजगाराशी थेट स्पर्धा करणारी कृती हेही काम. म्हणजे एखाद्या बांधकामावर तुम्ही फुकट भिंती रंगवल्या तर ते काम ठरू शकतं, कारण रंगाऱ्याचा रोजगार गेला. याउलट एकाकी मुलाला आठवड्यातून एकदा मोठ्या भावासारखी सोबत करणं किंवा संकटात सापडलेल्यांच्या हेल्पलाइनवर बसणं यासाठी परमिट लागत नाही, कारण अशा कामाला एरवीही कुणी पगार देत नाही. ऑस्ट्रेलियाची व्याख्या आणखी आटोपशीर आहे: ज्याला तिथे सामान्यतः मोबदला मिळतो अशी कृती. यातला 'सामान्यतः' हा शब्द महत्त्वाचा आहे. तुम्हाला मोबदला मिळतो का हा प्रश्नच नाही, त्या कामाला मिळतो का हा आहे. मुख्य हेतू पर्यटन असेल, काम खरोखर ऐच्छिक असेल आणि एरवी ते पगारी माणसाने केलं नसतं, तर पर्यटक व्हिसावर थोडीफार स्वयंसेवा तिथे चालते.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. या कसोटीत धूसर जागा भरपूर आहेत. समुद्रकिनाऱ्यावर सकाळी दोन तास कचरा उचलला, प्रार्थनास्थळी एक दिवस स्वयंपाकाला हात लावला, तर त्यासाठी कुणी परवाना मागेल असं मला वाटत नाही. पण तेच काम ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, आठवडेच्या आठवडे, वेळापत्रकात नाव लावून केलं, की चित्र बदलतं. कालावधी, नियमितपणा आणि तुमच्यावाचून काम अडतं का, या तीन गोष्टी मी बघते. तुम्ही आला नाहीत म्हणून त्यांना पगारी माणूस नेमावा लागणार असेल, तर ती नोकरीच आहे असं समजून चाला.

काही देशांनी हा धूसरपणा कमी करायचा चांगला प्रयत्न केला आहे. ब्रिटनमध्ये पर्यटक म्हणून गेलेल्याला एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, पण फक्त तिथे नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेत. त्याहून जास्त करायचं असेल तर चॅरिटी वर्कर नावाचा तात्पुरता व्हिसा आहे, जास्तीत जास्त १२ महिन्यांचा. त्यासाठी संस्थेकडे स्पॉन्सर होण्याचं लायसन्स असावं लागतं, आणि संस्थेच्या मूळ कार्याशी थेट संबंध असलेलंच काम करावं लागतं. भारतात येणाऱ्या परदेशी माणसांसाठीही अशीच रचना आहे. टुरिस्ट व्हिसावर जास्तीत जास्त एक महिना, कुठलाही मोबदला न घेता स्वयंसेवा करता येते. त्यापुढे एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो, आणि स्वयंसेवी संस्थेत महिना १०,००० रुपयांपर्यंत मानधनावर काम करणाऱ्यांना त्या व्हिसाच्या किमान पगाराच्या अटीतून सूट आहे. जर्मनीत २०११ पासून संघराज्याची स्वयंसेवा योजना आहे. तिच्यात युरोपबाहेरच्यांनाही जाता येतं, हातखर्चाला पैसे आणि विमा मिळतो, वयाची वरची मर्यादा नाही, मात्र निघण्याआधी वकिलातीतून दीर्घ मुदतीचा व्हिसा काढावा लागतो. दक्षिण आफ्रिकेत सेवाभावी कामासाठी तीन महिन्यांहून जास्त, तीन वर्षांपर्यंतचा अभ्यागत व्हिसा मिळू शकतो. इस्रायलमध्ये स्वयंसेवकांसाठी 'बी-४' हा वेगळा व्हिसाच आहे. अमेरिकेत नोंदणीकृत धार्मिक वा सेवाभावी संस्थेच्या स्वयंसेवा कार्यक्रमासाठी 'बी-१' व्हिसा चालतो, पण अमेरिकेतून पगार घ्यायचा नाही, वस्तू विकायच्या नाहीत, देणग्या मागायच्या नाहीत, फक्त मुक्कामाचा आनुषंगिक खर्च घेता येतो.

म्हणूनच 'सगळे टुरिस्ट व्हिसावर येतात' असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, त्या देशात स्वयंसेवकासाठी वेगळी सोय आहे का. बहुतेक वेळा असते. ती न वापरण्याचं कारण संस्थेला फी आणि कागदपत्रांचा खटाटोप नको असतो, एवढंच असतं. कधीकधी कारण याहून गंभीर असतं: संस्थेची नोंदणीच नसते, त्यामुळे तिला कुणाला स्पॉन्सर करताच येत नाही. अशा ठिकाणी जाऊ नका, विशेषतः तिथे लहान मुलं असतील तर मुळीच नको. मुलांबरोबर काम करणाऱ्या माणसाची पार्श्वभूमी कुणी तपासत नसेल, पोलिसांचा दाखला मागत नसेल, तर तुमच्या आधी कोण कोण त्या मुलांपर्यंत पोहोचलं असेल याचा विचार करा. कागद मागणारी संस्था मला नेहमीच जास्त भरवशाची वाटते.

स्वयंसेवेसाठी तुम्हीच एजन्सीला भरपूर पैसे मोजत असाल, तरीही यातलं काही बदलत नाही. 'मी पैसे देतोय, म्हणजे मी ग्राहक, म्हणजे पर्यटक' हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. अधिकारी तुम्ही वर्गात काय करताय ते बघतो, पावती बघत नाही.

आता विमानतळाचा प्रश्न. खरं सांगायचं. जे सांगायची भीती वाटते, ते करायला निघू नका. यजमान जर म्हणाला, 'विचारलं तर फिरायला आलोय म्हणा', तर तिथेच थांबा, कारण तो तुम्हाला एका साध्या नियमभंगाकडून त्याहून कितीतरी मोठ्या गोष्टीकडे ढकलतो आहे. परवान्याविना काम केल्याचे परिणाम बहुधा त्या देशापुरते आणि काही काळापुरते असतात. खोटी माहिती दिल्याचे परिणाम लांब जातात. कॅनडात चुकीची माहिती दिली तर पाच वर्षं प्रवेशबंदी. ब्रिटनमध्ये व्हिसाच्या अर्जात फसवणूक आढळली तर बंदी दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. अमेरिकेत हेतुपुरस्सर खोटी माहिती दिल्याचा शेरा बसला, तर कायमची अपात्रता येते, आणि विशेष सवलत मिळाली तरच सुटका. शिवाय नंतरच्या प्रत्येक व्हिसा अर्जात 'तुम्हाला कधी प्रवेश नाकारला होता का' हा रकाना असतो. तीन महिन्यांच्या चांगल्या कामासाठी हे ओझं आयुष्यभर बाळगायची काही गरज नाही. अधिकाऱ्याने फोन बघितला तर संस्थेचा ईमेल, वर्गाचं वेळापत्रक, मित्रांना पाठवलेले संदेश सगळं त्यात असतंच. पण पकडलं जाण्याची शक्यता हा माझ्या दृष्टीने दुय्यम मुद्दा आहे.

माझ्या अनुभवात याहून जास्त त्रास होतो तो तिथे पोहोचल्यानंतर. ज्याच्याकडे कागद नाही, त्याला तक्रार करता येत नाही. रोज पाच तास म्हणून नेलेल्या माणसाला नऊ तास राबवलं, राहायला दिलेली जागा असुरक्षित निघाली, कुणी अंगचटीला आलं, तर पोलिसांकडे जायचं कसं? आधी तुमचंच प्रकरण उघडं पडतं. यजमानाला हे माहीत असतं. सगळे याचा गैरफायदा घेत नाहीत, पण घेणाऱ्यासाठी सोय तयार असते. विम्याचंही तसंच. अनेक प्रवास विमा पॉलिसींमध्ये शारीरिक श्रमाचं काम आणि बेकायदा कृती वगळलेल्या असतात. शेतावर यंत्रात हात अडकला किंवा शिडीवरून पडलात, तर रुग्णालयाचा खर्च स्वतःच्या खिशातून जातो. पॉलिसी घेताना स्वयंसेवा करणार असल्याचं लेखी कळवा आणि लेखी उत्तर घ्या.

डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक अशा व्यवसायातल्या वाचकांसाठी एक वाक्य: व्हिसा आणि परमिट दोन्ही मिळालं तरी त्या देशाच्या वैद्यकीय किंवा परिचर्या परिषदेची परवानगी वेगळी लागते, आणि ती नसताना रुग्णाला हात लावू नका.

तुमच्यापुरतं सांगायचं तर शाळेला आजच एक ईमेल पाठवा. त्यात इतकं मागा: संस्थेचं नोंदणीकृत नाव आणि क्रमांक, तुमच्या कामाचं नेमकं वर्णन, आठवड्याचे तास, तारखा, राहण्या-जेवणाची सोय कोण करणार, कोणता व्हिसा काढायचा आणि वर्क परमिटचा अर्ज कोण, कधी करणार. हे सगळं संस्थेच्या अधिकृत पत्रावर, सहीनिशी. थाई दूतावासात अर्ज करताना असं पत्र लागेलच, त्यामुळे मागायला संकोच नको. उत्तर नेमकं आलं तर समजा योग्य ठिकाणी चालला आहात. 'काळजी करू नका, आम्ही बघून घेऊ' एवढंच आलं, तर दुसरी संस्था शोधा. दूतावासालाही स्वतंत्रपणे विचारा. नियम आणि फॉर्म बदलत असतात, आणि अंतिम शब्द त्यांचा.

पत्र येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका. दरम्यान पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटसाठी अर्ज करून ठेवा, आणि शिकवायचं असल्यामुळे पदवीच्या प्रमाणपत्राचं साक्षांकन लागेल का ते शाळेला विचारून घ्या. या दोन कागदांना माणसाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि रजेची तारीख ठरलेली असेल तर सगळं गणित तिथेच चुकतं. शाळेचं उत्तर आलं की कळवा. कामाचं वर्णन वाचून कोणता व्हिसा बसेल, ते मी नक्की सांगेन.